प्रस्ताव लिहिण्याआधी लाकूड तोला

‘परंडा तालुका हा कायमचा दुष्काळी, मागासलेला व उपेक्षित असून येथील महिलांची परिस्थिती अत्यंत हलाखीची आहे.’ संस्थांचे आणि बचत गटांचे जे प्रस्ताव माझ्याकडे दुरुस्तीला येतात, त्यांतल्या निम्म्यांची तरी सुरुवात या नाहीतर अशाच वाक्यानं होते. वाक्य खोटं नाही. पण त्यात परंड्याच्या जागी भूम लिहा, करमाळा लिहा, आष्टी लिहा, काहीही बिघडत नाही. दिवसभर असे अर्ज चाळणाऱ्या मुंबई-पुण्यातल्या माणसाला हे वाक्य काहीच सांगत नाही, म्हणून तो पुढचं पान उलटतो.

दुसरी नेहमीची सुरुवात किल्ल्यापासून होते. विजापूरची मुलूखमैदान तोफ पूर्वी परंड्याच्या किल्ल्यात होती आणि 1632मध्ये ती तिकडे नेली गेली. अहमदनगर मोगलांनी घेतल्यावर निजामशाहीनं काही काळ परंड्याचा आसरा घेतला. डोमगावला कल्याणस्वामींची समाधी आहे. हे सगळं आपल्या अभिमानाचं आहे आणि मला स्वतःला त्याबद्दल तासभर बोलायला आवडेल. किल्ल्यातल्या जुन्या वास्तूंची माहिती गोळा करण्याचा प्रस्ताव असेल, तर हे पहिल्याच पानावर हवं. खव्याच्या भट्टीसाठी पैसे मागताना मात्र त्यातली एक ओळही नको. वाचणाऱ्याकडे तुमच्यासाठी पाच-सात मिनिटं असतात. ती कशावर घालवायची हे तुम्ही ठरवायचं आहे.

हा लेख मी मुद्दाम एकाच उदाहरणाभोवती लिहिते आहे, कारण हवेतल्या सूचना वाचून कुणाला प्रस्ताव लिहिता आल्याचं मी पाहिलेलं नाही. धाराशिव जिल्ह्यातला परंडा, भूम, वाशी हा खव्याचा पट्टा. पाऊस बेभरवशाचा, म्हणून घरोघर दूध. आणि ताजं दूध लांब पाठवणं परवडत नाही, म्हणून त्याचा खवा. म्हशीच्या साधारण पाच लिटर दुधाचा एक किलो खवा पडतो, म्हणजे चार लिटरच्या आसपास पाणी जाळ लावून उडवावं लागतं. त्यासाठी लाकूड लागतं, बहुतेक वेळा वेडी बाभूळ. आणि त्या जाळापुढे, धुरात, कढईतलं दूध सतत हलवत कुणीतरी उभं असतं. समजा, तुमच्या गावात अशा बारा भट्ट्या आहेत आणि कमी लाकूड खाणाऱ्या, धूर धुराड्यातून बाहेर काढणाऱ्या सुधारित भट्ट्या बसवण्यासाठी तुमच्या संस्थेला निधी हवा आहे. पुढचे आकडे मी उदाहरणापुरते धरले आहेत. तुमचे आकडे तुम्हालाच काढायचे आहेत.

तर पहिलं काम लिहिण्याचं नाही. वजनकाटा घ्या आणि सात दिवस बाराही भट्ट्यांवर लाकूड तोला. सकाळी भट्टी पेटवण्याआधी ढीग तोलायचा, संध्याकाळी उरलेलं तोलायचं, वजाबाकी वहीत लिहायची. त्याच वहीत त्या दिवशीचं दूध किती लिटर, खवा किती किलो, लाकूड कुठून आणलं, विकत घेतलं असेल तर काय भावानं, भट्टीपुढे कोण उभं होतं आणि किती तास, हेही लिहा. सात दिवसांनी तुमच्या हातात असा ऐवज असेल जो तालुक्यात दुसऱ्या कुणाकडे नाही. ‘महिलांना धुराचा त्रास होतो’ असं लिहिणारे पन्नास अर्ज येतात. ‘आमच्या गावातल्या बारा भट्ट्यांपैकी प्रत्येकीवर रोज दीडशे लिटर दूध आटवायला सरासरी 120 किलो लाकूड लागतं, आणि बारापैकी नऊ भट्ट्यांवर बायका रोज पाच तास उभ्या असतात’ असं लिहिणारा एखादाच.

मोजणीवर मी एवढा भर देते, त्यामागे माझी स्वतःची एक चूक आहे. माझा पहिला प्रस्ताव शाळांना पाण्याच्या टाक्या देण्याचा होता. चौदा शाळांची यादी, टाकीचे दर, मुलांची संख्या, सगळं सुबक टाइप करून पाठवलं. निधी देणाऱ्या संस्थेतून फोन आला आणि पलीकडच्या बाईंनी एकच प्रश्न विचारला, ‘या चौदा शाळांतली मुलं आत्ता पाणी कुठून पितात?’ मी चौदापैकी तीनच शाळा पाहिल्या होत्या. अडखळत काहीतरी सांगितलं, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि प्रस्ताव तिथंच संपला. दोष पूर्णपणे माझा होता. ती गोष्ट आजही मनाला लागते, कारण त्यातल्या काही शाळांना टाकीची खरोखर गरज होती आणि माझ्या आळसामुळे ती त्यांना मिळाली नाही.

मोजून मग काम करण्याचा आपल्या महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा धडा गडचिरोलीतला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं नवजात बाळांचे मृत्यू कमी करण्यासाठी गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. पण त्यांनी त्याआधी गावोगावच्या जन्म-मृत्यूंची नोंद ठेवली आणि 39 गावांत काम करताना काम न केलेल्या 47 गावांतलीही नोंद चालू ठेवली. म्हणून तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी कमी झाला हे ते दाखवू शकले. 1999मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं आणि पुढे ती पद्धत देशभर गेली. तुमची संस्था चार माणसांची असेल, पण हीच युक्ती तुम्हालाही जमते. शेजारच्या गावातल्या तीन भट्ट्या, ज्या तुम्ही बदलणार नाही, त्यांचंही लाकूड त्याच सात दिवसांत तोलून ठेवा. वर्षानं कुणी म्हणालं की ‘यंदा दूधच कमी होतं, म्हणून लाकूड कमी जळलं’, तर त्या तीन भट्ट्यांची वही तुमच्या बाजूनं बोलेल. आणि वही शेजारच्या गावची आहे म्हणून तिचं वजन जास्त.

आता पैसा कुणाकडे मागायचा. इथं आपल्याकडे फार घाई होते. एकच प्रस्ताव वीस पत्त्यांवर जातो आणि वीस ठिकाणी कचऱ्यात पडतो. आपल्याला उपयोगी असे मुख्य दरवाजे तीन-चार आहेत आणि प्रत्येकाची कडी वेगळी आहे.

कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा, म्हणजे सीएसआर निधी हा एक. कंपनी कायदा 2013च्या कलम 135नुसार, ज्या कंपनीची नक्त मालमत्ता 500 कोटी, किंवा उलाढाल 1000 कोटी, किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये वा त्याहून जास्त आहे, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. यात आपल्या जिल्ह्याची एक जमेची बाजू आहे. नीती आयोगानं 2018मध्ये निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांत महाराष्ट्रातले चार होते: गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि आपला धाराशिव, तेव्हाचा उस्मानाबाद. अनेक कंपन्या अशा जिल्ह्यांकडे मुद्दाम पाहतात. ही गोष्ट प्रस्तावात एका ओळीत जरूर सांगा, पण एकाच ओळीत. जिल्हा मागे आहे हे त्यांना माहीत असतं. तुम्ही काय करू शकता हे माहीत नसतं.

दुसरा दरवाजा सरकारी योजनांचा, आणि तिथं मागणारी संस्था नसून बहुधा बचत गट, शेतकरी कंपनी किंवा एखादं कुटुंब असतं. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी 2020मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत वैयक्तिक उद्योगाला प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये, असं कर्जाशी जोडलेलं अनुदान ठेवलं आहे, आणि बचत गटातल्या सदस्याला खेळतं भांडवल व छोट्या अवजारांसाठी 40,000 रुपयांपर्यंत बीज भांडवल. खवा हा अन्नप्रक्रियेतच येतो. योजना चालू आहे का, मुदत काय, निकष बदलले का, हे अर्ज भरण्याआधी तालुका कृषी कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन विचारा. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या जुन्या पत्रकावर विसंबू नका.

तिसरा दरवाजा खासगी न्यास आणि प्रतिष्ठानांचा. चौथा परदेशी निधीचा. तो छोट्या संस्थेनं सध्या बाजूला ठेवावा असं माझं स्पष्ट मत आहे. त्यासाठी परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, म्हणजे एफसीआरए नोंदणी लागते. संस्था किमान तीन वर्षं जुनी असावी लागते आणि त्या तीन वर्षांत सामाजिक कामावर 15 लाख रुपये खर्च झालेले असावे लागतात. त्यामागे धावण्यात दोन वर्षं घालवलेल्या संस्था मी पाहिल्या आहेत. तेवढ्या काळात त्यांची गावातली तीन कामं उभी राहिली असती.

दरवाजा ठरला की लिहिण्याआधी एक फोन करा. मला हे पाऊल सगळ्यात मोलाचं वाटतं, आणि संकोचापोटी लोक नेमकं तेच गाळतात. तीनच गोष्टी विचारायच्या: तुम्ही या विषयाला निधी देता का, साधारण किती रकमेपर्यंत देता, आणि आमच्यासारख्या लहान संस्थेला मागच्या दोन वर्षांत दिला आहे का. समोरचा माणूस ‘नाही’ म्हणाला तरी तुमचा महिना वाचला. ‘हो’ म्हणाला तर त्याच्या तोंडचे शब्द लिहून घ्या. तो ‘पर्यावरण’ म्हणाला असेल तर तुमच्या प्रस्तावात वाचलेलं लाकूड आधी येईल. ‘महिला आरोग्य’ म्हणाला असेल तर धूर आधी येईल. भट्टी तीच, वहीही तीच.

मग लिहायला बसा. गरजेचा परिच्छेद वहीतून येतो, त्याला अलंकार नकोत. गाव कुठं आहे ते मात्र नीट सांगा, कारण वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आपला नकाशा नसतो. परंडा जिल्ह्याच्या एका टोकाला आहे. आपली बाजारपेठ बार्शी जवळ, आणि जिल्ह्याचं ठिकाण धाराशिव लांब. दुरुस्तीला मिस्त्री कुठून येणार, खव्याची गाडी कुठं जाणार, हे सगळं यावरून ठरतं.

उद्दिष्ट एकच ठेवा आणि ते तोलता येईल असं ठेवा. ‘महिलांचे सर्वांगीण सक्षमीकरण’ तोलता येत नाही. ‘बारा महिन्यांत बारा भट्ट्यांवरचा लाकडाचा रोजचा खर्च एक तृतीयांशानं कमी करणे’ तोलता येतं, आणि तोलण्याची पद्धत तुम्ही आधीच वापरली आहे.

कामाचं वेळापत्रक कॅलेंडरवरून न बनवता दुधावरून बनवा. उन्हाळ्यात दूध आटतं, तेव्हा भट्टी पाडून नवी बांधायला सवड असते. पावसाळ्यात लाकूड ओलं असतं, तेव्हाची मोजणी वेगळी येते. दिवाळी आणि लग्नसराईत खव्याला मागणी असते, तेव्हा भट्टीवरच्या कुठल्याही बाईला प्रशिक्षणाला बोलावू नका. ती येणार नाही आणि तिनं येऊही नये. ज्या प्रस्तावात ‘भट्टी बांधणी: एप्रिल-मे, कारण तेव्हा दूध सर्वांत कमी’ असं एक वाक्य असतं, तो गावात राहणाऱ्यानं लिहिला आहे हे लगेच कळतं.

अंदाजपत्रकावर मी जरा जास्त थांबते, कारण प्रस्ताव बहुतेक इथंच पडतात. आपल्या उदाहरणात ते असं दिसेल. बारा भट्ट्या, प्रत्येकी 45,000 रुपये, म्हणजे 5,40,000. बारा वजनकाटे, प्रत्येकी 3,000, म्हणजे 36,000. चार दिवसांचं प्रशिक्षण, दिवसाला 6,000, म्हणजे 24,000. गावातल्याच एका कार्यकर्तीचं मानधन महिना 9,000, वर्षाचे 1,08,000. तिचा आणि मिस्त्रीचा प्रवास महिना 2,000, म्हणजे 24,000. दुरुस्तीसाठी भट्टीमागे 2,500, म्हणजे 30,000. हिशेब, ऑडिट आणि कागदपत्रं 38,000. एकूण 8,00,000. त्यात प्रत्येक कुटुंबाचा लोकवाटा 6,000, म्हणजे 72,000. निधीची मागणी 7,28,000.

यात मुद्दाम पाहण्यासारख्या काही गोष्टी आहेत. हिशेब-ऑडिटची ठोक रक्कम सोडली तर प्रत्येक रकमेला गुणाकार आहे. ‘प्रशिक्षण खर्च: 1,00,000’ अशी मोघम ओळ कुठंही नाही. भट्टीचा दर तीन दरपत्रकांवरून आलेला असावा आणि ती दरपत्रकं खरी असावीत. एकाच दुकानदाराकडून तीन लेटरहेडवर घेतलेली कोटेशनं ओळखू येतात, आणि ओळखू नाही आली तरी ती अप्रामाणिकच. कार्यकर्तीचं मानधन लपवू नका. आपल्याकडे असा समज आहे की स्वतःच्या माणसाचा पगार मागितला तर वाईट दिसतं. मग तो ‘प्रवास’ नाहीतर ‘इतर’ या नावाखाली घुसवतात. रोज बारा भट्ट्यांवर जाऊन वही भरणारी बाई नसेल तर हा प्रकल्पच नाही. तिचा मोबदला उजळ माथ्यानं मागा. आणि शेवटी बेरीज दोन वेगळ्या माणसांकडून तपासून घ्या. मागणीपत्रात एक आकडा, तक्त्यात दुसरा, असं झालं की वाचणारा बाकी सगळ्याकडे संशयानं पाहतो.

आता तो प्रश्न, जो चांगला अधिकारी हमखास विचारतो. भट्टीमागे रोज 40 किलो लाकूड वाचणार, लाकूड पाच रुपये किलो धरलं तर रोजचे 200 रुपये, वर्षात 300 दिवस भट्टी चालली तर 60,000 रुपये. म्हणजे 45,000ची भट्टी नऊ महिन्यांत वसूल. मग अनुदान कशाला, कर्ज का काढत नाही? हा प्रश्न येण्याची वाट पाहू नका, प्रस्तावातच त्याला उत्तर द्या. खरं उत्तर असं असू शकतं की ही भट्टी आमच्या लाकडावर, आमच्या कढईवर कशी चालते हे अजून कुणी पाहिलेलं नाही, त्यामुळे बँक आणि कुटुंब दोघंही कचरतात. पहिल्या बारा भट्ट्यांवरून आकडे हाती आले की पुढच्या तीस भट्ट्या बचत गटाच्या कर्जातून आणि सरकारी अनुदानातून होतील, आणि त्यासाठी आम्ही गटाचा ठराव जोडत आहोत. असं उत्तर देता आलं तर तुमचा प्रस्ताव भक्कम झाला. देता आलं नाही, तर खरोखर कर्जाचाच रस्ता धरा. तो अनुदानापेक्षा लवकर मार्गी लागेल. लाकूड गोळा करून आणणाऱ्या घरात रुपयांची बचत दिसणार नाही, वेळेची दिसेल; तिथं तसं वेगळं लिहा.

जोखमीचा परिच्छेद लोक घाबरून रिकामा सोडतात किंवा ‘कोणतीही अडचण अपेक्षित नाही’ असं लिहितात. आपल्या तालुक्यात हे कसं लिहवतं? सप्टेंबर 2025मध्ये सीना नदीच्या पट्ट्यात पाणी शिरलं, माणसं हेलिकॉप्टरनं काढावी लागली, गोठ्यातली जनावरं गेली. आणि ज्यांनी तो पूर पाहिला त्यांनीच त्याआधी कोरडे उन्हाळेही काढले आहेत. म्हणून लिहा: दूध निम्म्यावर आलं तर आम्ही दोन घरं मिळून एक भट्टी चालवू, नदीकाठच्या भट्ट्या आधी उंच जागी हलवू, वही कार्यकर्तीच्या घरी आणि वहीच्या पानांचे फोटो संस्थेच्या फोनमध्ये राहतील.

लोकवाट्याबद्दल कुणी म्हणेल, गरिबाकडून सहा हजार कशाला? 1993च्या भूकंपानंतर आपल्याच लातूर-उस्मानाबादच्या गावांत स्वयम् शिक्षण प्रयोग ही संस्था घरदुरुस्तीच्या कामात गावातल्या बायकांना घेऊन उतरली. घर कसं सावरायचं यात त्या घरातल्या बाईचाही शब्द असावा म्हणून. लोकवाट्याचंही तसंच आहे: पैसे घातले, ठरवताना बोललं, की वस्तू आपली होते. सहा हजार एकदम जड असतील तर हप्ते लावा, एखाद्या घरासाठी गटानं भार उचलावा. पण शून्य ठेवू नका, आणि जमा झालेला लोकवाटा बँकेच्या पासबुकात दिसू द्या.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. नोंदणी प्रमाणपत्र, पीटीआरचा (सार्वजनिक न्यास नोंदवहीचा) उतारा, घटना, पॅन, तीन वर्षांचे ऑडिट अहवाल, आयकर सवलतीची 12ए आणि 80जी प्रमाणपत्रं, एनजीओ दर्पण क्रमांक, आणि कंपनीचा निधी हवा असेल तर सीएसआर-1ची नोंदणी, जी 1 एप्रिल 2021पासून लागते. 12ए-80जीची मुदत संपलेली नाही ना, ते पाहा. सगळ्यात जास्त अडकतं ते चेंज रिपोर्टपाशी: विश्वस्त वारले, नवे आले, आणि धर्मादाय कार्यालयात नावं जुनीच. हे काम प्रस्तावाच्या आठवड्यात होत नाही. आजच हाती घ्या.

प्रस्ताव गेला की पंधरा दिवसांनी एक फोन. नकार आला तर कारण विचारा, ते बहुतेक वेळा सांगतात. होकार आला तर कुणीतरी गाव पाहायला येईल. त्या दिवशी मंडप नको, शाल-नारळ नको, गावातल्या पुढाऱ्यांची भाषणंही नकोत. पाहुण्यांना सकाळी भट्टी पेटते तेव्हा बोलवा, धुरात उभं राहू द्या, आणि वही त्या बाईच्या हातात असू द्या जी ती भरते. तिला आधी पढवू नका. तिचं गणित तिला तोंडपाठ असतं.

पहिला हप्ता आला, भट्ट्या झाल्या, की ज्या महिन्यात पहिल्यांदा लाकूड तोललं होतं त्याच महिन्यात पुन्हा सात दिवस तोला. शेजारच्या गावातल्या त्या तीन भट्ट्यांवरही. एक तृतीयांशाऐवजी पाचवाच हिस्सा वाचला असेल तर अहवालात पाचवा हिस्साच लिहा. आणि तिसऱ्याच महिन्यात दोन भट्ट्यांना तडे जाऊन त्या बंद पडल्या असतील, तर अहवालाची वाट पाहू नका. त्याच दिवशी फोन करून सांगा, मिस्त्री कधी येणार तेही सांगा, आणि दुरुस्तीच्या 30,000मधून खर्च केल्याची पावती त्याच आठवड्यात पाठवा.